ताळा मॅडम

उत्तर आल्याचा आनंद मॅडमच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही. आम्ही पेनाला टोपण लावायचो, तेव्हा त्या नवा खडू घ्यायच्या. "आलेलं उत्तर समीकरणात परत घाला. दोन्ही बाजू जुळल्या तर खरं." बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला त्या डिफरन्शिअल इक्वेशन्स शिकवत आणि प्रत्येक गणिताचा असा ताळा करत. पेपरात ताळ्याला अर्धा मार्कसुद्धा नसतो, हे आम्ही त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी दमून आम्ही त्यांचं नावच ताळा मॅडम ठेवलं.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक आणि दर उन्हाळ्यात घरी. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडी, तिथून ऑटोनं अमरावतीतलं आमचं कॉलेज. वर्गात पोचेपर्यंत आवाज बसलेला असायचा. टेबलाला टेकून त्या मिनिटभर डोळे मिटायच्या. मीही भातकुलीहून एसटीत धक्के खात यायची, त्यामुळे ते मिनिट मला चांगलं समजायचं.

आमच्या गजाननला मात्र राहवलं नाही. "मॅडम, इतक्या थकता तं ताळा कावून करता?"

"थकली म्हणूनच करा लागते रे बाप्पा. थकल्या माणसाचंच चुकते."

त्या वर्षी आमच्याच कॉलेजात गणिताची कायम जागा निघाली. मॅडम कित्येक वर्षं तिच्याकडेच डोळे लावून होत्या. आम्ही तर त्यांना मिळाली असंच धरून चाललो होतो. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या, एक गणित घातलं, सोडवलं आणि उत्तर येताच खडू खाली ठेवला.

"मॅडम, ताळा राह्यला," गजानन म्हणाला.

"राहू दे आज."

जागा दुसऱ्याला मिळाल्याचं आम्हाला संध्याकाळी कळलं. कायम माणूस आला म्हणजे मॅडमचे तास संपले. शनिवारी त्या गेल्या. निरोपसमारंभ वगैरे तासिकावाल्यांचा होत नसतो.

पुढच्या आठवड्यात नवे सर शिकवत असताना दारात ताळा मॅडम उभ्या राहिल्या. "सर, दोन मिनिटं देता का?" सर गोंधळून बाजूला झाले. मॅडमनी ताळा राहिलेलं ते गणित फळ्यावर मांडलं आणि आमच्या वह्यांत होतं तेच उत्तर समीकरणात परत घातलं. बाजू जुळेनात.

"घरी करून पाह्यलं. माझंच चिन्ह चुकलं होतं. इथं अधिक नाही, उणे पाहिजे. तुमी तसंच पाठ केलं असतं अन् परीक्षेत मार्क गेले असते."

त्यांनी चिन्ह बदललं, पुन्हा ताळा केला. जुळला. सरांनी चहाचा आग्रह केला, पण परतीची गाडी होती. ज्या कॉलेजनं त्यांना ठेवलं नाही, तिथं त्या एक चिन्ह दुरुस्त करायला अकोल्याहून आल्या होत्या. मला वर्गातच रडू आलं. आजही आठवलं की येतं.

आता मी रोज उलट्या दिशेनं जाते. अकोल्यात, तासिका तत्त्वावर, हाच पेपर. गाडीतून उतरतानाच अंगातलं बळ गेलेलं असतं आणि कायम जागेचं मी विचारणंही सोडलंय. उत्तर आलं की पोरं पेनांना टोपणं लावतात. मागून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ताळा राहू द्या न आज."

मी नवा खडू घेते.