भिंगरीबाईंनी महिना कसा पुरवला

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'भिंगरीबाई' म्हणतात. वर्गात त्या एका जागी उभ्या असलेल्या कुणी पाहिलेल्या नाहीत. ग्रहमाला शिकवताना स्वतःच गिरक्या घेतात, आणि एकदा तर गुरू होता होता थेट कपाटावर आदळल्या.

शाळेनं सगळ्या शिक्षकांत मिळून एक एआय घेतलं, तेव्हा सर्वांत जास्त हरखल्या त्याच. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "महिन्याचा वापर ठरलेला आहे. सगळ्यांना पुरला पाहिजे." भिंगरीबाईंनी जोरजोरात मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीच्या आत, अख्खा महिना फस्त केला! ज्वालामुखीच्या चित्राला टोपी घातली. ती आवडली नाही म्हणून लाल टोपी, मग पिसाची. जठराचं चित्र, मग हसरं जठर, मग चष्मेवालं जठर. 'मर्यादा संपली' अशी पाटी झळकली तेव्हा त्या जठराला मिशा चिकटवत होत्या.

शिक्षकखोलीत एकच गिल्ला झाला. मी गणिताची, माझे अपूर्णांकांचे सराव तसेच राहिले. इतिहासाचे सर म्हणाले, "आता आम्ही काय हात चोळत बसायचं?" मुख्याध्यापिका तावातावानं आल्या, पडद्यावरचं ते मिशाळ जठर पाहिलं आणि हसता हसता खुर्चीतच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "शिक्षा ही, की पुढच्या महिन्यापासून सगळा वापर तुम्हीच सांभाळायचा."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" इतिहासाचे सर कळवळले.

भिंगरीबाईंनी घरी नवऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पगारसुद्धा असाच उडवतेस. निदान उडाला कशात, ते तरी बघ." बाईंनी बघितलं. लिहिलेल्या मजकुराचं थोडक्यात भागत होतं; खादाड होती ती चित्रं, आणि त्याहून खादाड होतं ते 'आवडलं नाही, पुन्हा कर'.

नवा महिना उजाडला. बाईंनी प्रत्येकाचा वाटा ठरवला, परीक्षेच्या आठवड्यासाठी थोडा बाजूला ठेवला आणि यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"काय हवंय?" त्यांनी मला विचारलं.

"अपूर्णांकांचा सराव."

"कुठली इयत्ता? किती उदाहरणं? सोपी की अवघड? ठरवून या. आणि तिन्ही तुकड्यांना एकच, बरं का!"

मी ठरवून आले. एकदाच विचारलं, काम झालं. मला इतका आनंद झाला की मी बाईंना चिमटाच काढला.

इतिहासाच्या सरांची गंमत निराळी. ते यंत्राला आधी नमस्कार करत, मग हवापाणी विचारत. "सर, ख्यालीखुशालीतच तुमचा वाटा संपतोय!" बाई ओरडल्या. "अहो, पण उत्तरं किती गोड देतं!" सर लाजत म्हणाले. चित्रांसाठी बाई चित्रकलेच्या सरांना गाठत. ते दोन मिनिटांत फळ्यावर बेडूक काढून देत आणि त्या बदल्यात फक्त चहा मागत.

महिना सरत आला आणि पाहतो तर काय, वापर चक्क शिल्लक! शिक्षकखोलीत आम्ही शाळकरी पोरांसारखे टाळ्या पिटत होतो. उरलेला वापर सातवीच्या मुलांना द्यायचा ठरला. त्यांना हृदयावर नाटक हवं होतं. काय मागायचं यावर मुलं दोन तास भांडली, एक मजकूर पक्का केला आणि बाईंनी तो एकदाच दिला. नाटक आलं. मुलं मोठ्यानं वाचू लागली आणि मध्येच कल्ला झाला.

"बाई, यानं डाव्या बाजूचं रक्त फुप्फुसात पाठवलंय! ते उजवीकडून जातं!"

"मग? पुन्हा विचारायचं?"

"कशाला? आम्हीच खोडतो!"

पेन्सिली सरसावल्या. चूक सापडल्याच्या आनंदात मुलांनी आणखी चार विनोदही घुसडले.

प्रयोग व्हरांड्यात झाला. वर्ग झाला हृदय, वाचनालय फुप्फुस, आणि रक्तपेशी झालेली पोरं दोहोंमध्ये सुसाट धावत होती. गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. दोन पेशींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि पळवत नेलं.

"अरे, अरे, मी कोण?"

"तुम्ही कार्बन डायऑक्साइड, बाई!"

"मग मला नेताय कुठे?"

"फुप्फुसात! तिथून बाहेर सोडणार!"

आणि आमच्या गंभीर मुख्याध्यापिका पदर खोचून, खिदळत, वाचनालयाच्या दिशेनं धावत सुटल्या.