लाल रंगाखालचा स्क्रू

वसंतभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनेच केला, कासाच्या दवाखान्यातून. मी डहाणूहून रानशेतला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच म्हणत होता, "सुटले बिचारे." मला असा राग आला! सुटले काय? या माणसाला सुटायचंच नव्हतं. महिना उलटला तरी तो शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

घरची भातशेती भावांवर सोडून वसंतभाऊंनी चारोटीला हायवेलगत पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि जन्मभर इंजिनं खोलली. माझ्या वडिलांची जुनी मोटारही त्यांच्याच हातची. मागच्या वर्षी तिच्या इंजिनातून पुढून तेल गळायला लागलं. तिथे पोहोचायचं तर आधी क्रँकशाफ्टवरची पुली काढायला हवी. तशी वेळ पूर्वी कधी आली नव्हती, आणि आता ती जागची हलेना. वसंतभाऊ तेव्हा आजारी, म्हणून मी दुसऱ्या दोघा मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी पुलर, म्हणजे ओढून काढायचा आकड्यांचा पकडा, लावून ओढली, वर हातोडे घातले. पुलीच्या कडेचा टवका उडाला, बस्स. अशी पुली आता कुठे मिळत नाही. ती फुटली की गाडी संपली. माझा धाकटा भाऊ सुधीर तर टपूनच बसलेला. "ताई, रविवारी भंगारवाल्याला बोलावतो," म्हणाला.

शुक्रवारी वसंतभाऊ रिक्षाने दारात हजर. चार पावलांत धाप लागत होती, डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलेलं. "अहो, तुम्हाला बरं नाही," मी म्हटलं. "मला बरं नाय, माझ्या हातांना काय झालंय?" असं म्हणत स्टूल ओढून बसलेसुद्धा. हातोडा आधी लांब ठेवायला लावला. "शाफ्टवर ठोकलं की आतलं बेअरिंग जातं. या लोकांना कोण सांगणार!" दिवसभर तेल सोडलं, पुलर आवळला... ढिम्म. शनिवारी दुपारपर्यंत तेच. शेवटी मीच म्हटलं, "जाऊ द्या आता, भाऊ." केवढे खेकसले माझ्यावर! मग पुलर सोडून पुलीवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले.

"बाई, हिला रंग कोणी दिला?"

"मी. दसऱ्याला बाबा गाडीची पूजा करायचे, तेव्हा लाल ऑइलपेंट..."

"किती वर्षं?"

"लग्न होईपर्यंत. दरवर्षी."

त्यांनी कपाळाला हात लावला. ब्लेडने खरवडत गेले, तर थरावर थर; आणि सगळ्यात खाली तुरीच्या दाण्याएवढा एक स्क्रू, पुलीला शाफ्टशी धरून बसलेला. कोणाला दिसणार कसा? मीच तो वर्षानुवर्षं मनोभावे बुजवत आले होते. लाजेने माझी मान वर होईना. "तुमच्या भक्तीनंच अडकली होती गाडी," म्हणत ते हसले, पार धाप लागेपर्यंत. स्क्रू काढला, पुलीवर फडकं गुंडाळून मला उकळतं पाणी ओतायला लावलं, पुलर पुन्हा हळूहळू आवळला... टक् असा आवाज झाला आणि पुली अख्खीच्या अख्खी त्यांच्या मांडीवर! "कोण बोलतो रे भंगार?" रस्त्यावर ऐकू जाईल असे ओरडले. सुधीर आत चहा पीत होता, तो बाहेरच आला नाही.

त्यानंतर वसंतभाऊ वर्षभर होते, मुलगी ओरडायची तरी रोज गॅरेजला जात होते. त्यांचं तेरावं झाल्यावर सुधीर घरी आला. "ताई, आता तर वसंतभाऊही नाहीत. कोण बघणार गाडीकडे? काढून टाक." मी भांडले नाही. किल्ली उचलली आणि म्हटलं, "बस, चारोटीपर्यंत सोडते." गॅरेजचं शटर ओढलेलं होतं. समोर गाडी थांबवली की मी दोनदा हॉर्न मारायचे आणि वसंतभाऊ हात पुसत बाहेर यायचे. मी दोनदा मारला.

"ताई, आत कोणी नाही," सुधीर हळूच म्हणाला.

"माहितेय मला," म्हटलं, आणि पुन्हा मारला.