सहा दिवसांचे ठिपके

काटाबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मला माणसाची पारख आहे, असा कुणाचा तरी समज व्हायचा. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझ्या नाकावर राग असतो. बायको म्हणते, तुमच्याकडे लोक डोळे तपासायला येतात आणि वटारलेले डोळे बघून परत जातात.

त्या आठवड्यात पारा चढायला कारणही होतं. आमची एकुलती एक लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिला हवामानाचा अभ्यास करायचा होता. हे खूळ आजचं नव्हतं. दहा वर्षांची असल्यापासून ती बाल्कनीतल्या तापमापकाचा आकडा रोज सकाळी वहीत लिहिते, तापाने फणफणली असली तरी. त्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर शाळेत वरच्या पातळीचं संख्याशास्त्र घ्यायचं आणि त्यात पन्नास गुण मिळवायचे, अशी अट. पोरीला पहिल्या चाचणीत एकतीस मिळाले. शाळेने एक फॉर्म हातात ठेवला. विषय सोडायचा असेल तर दोन महिन्यांच्या आत पालकाच्या सहीनिशी परत करा. विषय सोडला तर वर्ष वाचणार, हवामान जाणार. ठेवला आणि नापास झाली तर दोन्ही जाणार.

मग शिकवणीचा शोध सुरू झाला. पहिले सर गॅरेजमध्ये वीस मुलांना एकदम शिकवायचे. लेकीने विचारलं, "हे सूत्र असं का?" ते म्हणाले, "का ते परीक्षेत विचारत नाहीत." दुसरे निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी तीन बैठकांत स्वतःच्या तरुणपणची प्रगतिपुस्तकं सांगितली, चौथीला आम्ही गेलो नाही. तिसरे पडद्यावरून शिकवायचे आणि मुद्द्याच्या शब्दावर आले की नेमके तोंड उघडं ठेवून गोठायचे. बायको म्हणाली, "यांच्यापेक्षा भिंतीवरचं घड्याळ बरं, निदान चालतं तरी." मी हात टेकले.

अशात काटाबाई आल्या. वय सत्तरीच्या जवळ, बारीक चण, साडेतीन पावलांत दुकानाच्या टोकाला पोचणाऱ्या. खरं नाव मला माहीत होतं, पण आमच्या रस्त्यावर कुणी ते वापरत नाही. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या वजनकाट्यापाशी उभ्या होत्या, म्हणून काटाबाई. मी फ्रेम चढवली, पट्टी धरली आणि त्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. बासष्ट मिलिमीटर. लिहूनही टाकलं.

"एकदाच मोजलंत?" त्यांनी विचारलं.

"वीस वर्षं मोजतोय, काकू."

"वीस वर्षं एकदाच मोजताय, असं म्हणा. पुन्हा मोजा. आणि आधीचा आकडा झाकून ठेवा, नाहीतर हात तिकडेच जातो."

मला असा राग आला म्हणता! पण गिऱ्हाईक होतं, मोजलं. त्रेसष्ट आलं. तिसऱ्यांदा साडेबासष्ट. त्या खूश झाल्या. "आता बघा, तुमचा हात किती हलतो ते कळलं. आकड्यापेक्षा ते महत्त्वाचं."

कोपऱ्यात लेक वही घेऊन बसली होती. चार दिवसांत तिने तोंड उघडलं नव्हतं. ती एकदम म्हणाली, "आजी, हेच तर प्रमाण विचलन ना?"

"तुमच्या पुस्तकात तसं म्हणतात," काटाबाई म्हणाल्या. "आम्ही त्याला हात हलणं म्हणायचो."

शिकवणी त्याच दिवशी ठरली. फीचं विचारलं तर म्हणाल्या, मी जिवंत असेपर्यंत माझ्या चष्म्याच्या काड्या घट्ट करून द्यायच्या. शाळेपुढे शिकलेल्या नव्हत्या. कारखान्याने एकदा दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, बाकीचं त्यांनी ग्रंथालयातली पुस्तकं आणून एकटीने वाचलं होतं. सायकलच्या एका बंद शेडमागे त्यांच्या दोन खोल्या. कपाटावर जुना काटा, टेबलावर आलेखाचे कागद, आणि खुर्च्या दोनच. लेक आठवड्यातून तीनदा तिथे जायची. पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडलंच नाही. बाजारातून साबणाच्या वड्या आणायच्या, पाच पाच करून तोलायच्या, सरासरी काढायची, कागदावर ठिपका द्यायचा. वड्या निवडताना वरच्या उचलायच्या नाहीत, हा पहिला धडा. "वरचा थर दाखवायसाठी लावलेला असतो," त्या म्हणायच्या. पाव घेतानाही त्या तळाचा ओढून काढतात. बेकरीवाला त्यांना लांबून पाहिलं की कपाळाला हात लावतो.

लेक बोलायला लागली होती. जेवताना नमुना म्हणजे काय ते आईला समजावून सांगायची. मी मनात म्हटलं, निघाली गाडी.

आणि दुसऱ्या चाचणीत सत्तावीस मिळाले.

एकतीसचे सत्तावीस! फॉर्म द्यायला तीन दिवस उरलेले. मी जेवणाच्या टेबलावर जे बोललो ते इथे लिहीत नाही. लेक उठून खोलीत गेली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिला बोलताय की स्वतःला?" मी फॉर्म खिशात घातला, खिशाला पेन लावलं आणि तरातरा काटाबाईंकडे निघालो. शिकवणी बंद, विषय बंद, एवढंच सांगायचं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत, पण मी बसलो.

"सही केलीत?"

"आता करणार आहे."

"दोन ठिपक्यांवर?"

"काकू, ते साबण होते. ही माझी मुलगी आहे."

"म्हणून तर विचारते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पेपर पाहिलात का तिचे? की नुसते गुण?"

नुसते गुण पाहिले होते. दोन्ही पेपर त्यांच्याकडेच होते. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या पेपरात निम्मी पानं कोरी होती आणि पाठ केलेलं तेवढं लिहिलेलं होतं. दुसऱ्यात एकही पान कोरं नव्हतं. प्रत्येक गणिताला ती भिडली होती, आणि बहुतेक ठिकाणी अर्ध्यात चुकली होती.

"म्हणजे ती पास होणार?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. माहीत आहे असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे पाठवू नका तिला." मग म्हणाल्या, "तुम्हाला एकच चूक दिसतेय, चष्मेवाले. विषय ठेवला आणि ती नापास झाली तर. दुसरीही आहे. ती करू शकत असताना तुम्ही सोडायला लावला तर. ती चूक कुणाला कळणारही नाही, कधीच. कोणत्या चुकीला घाबरताय ते आधी ठरवा. माणूस एकीला घाबरला की धावत जाऊन दुसरी करतो."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. एकाच रस्त्यावर एवढी वर्षं राहतोय, पण मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात होते, साबण कापायच्या मशीनवर. ते कापणार आणि पट्ट्यावरून येणारी वडी या तोलणार. दर अर्ध्या तासाला पाच वड्या, त्यांची सरासरी, कागदावर ठिपका. मध्ये एक काळी रेषा, म्हणजे वेष्टनावर छापलेलं वजन. वर-खाली दोन लाल रेषा. ठिपका लाल रेषेबाहेर गेला की काट्यावरच्या बाईने घंटा वाजवायची आणि मशीन थांबवायचं. एकदा एक ठिपका बाहेर गेला. त्यांनी घंटा वाजवली. सगळी पाळी थांबली, मशीन उघडलं, काही सापडलं नाही. असाच एखादा ठिपका जातो बाहेर. पण सगळ्या कारखान्यात हसं झालं. बायकोने नवऱ्याचं मशीन बंद पाडलं, घरचं भांडण कारखान्यात आणलं, असं महिनाभर चाललं. यजमान शांत स्वभावाचे, त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण डबा एकटे खायला लागले.

"पुढच्या महिन्यात मशीनची कापायची तार सैल झाली," काटाबाई म्हणाल्या. "वड्या हलक्या यायला लागल्या. अगदी थोड्या. ठिपके लाल रेषेच्या आतच होते. आत असले की थांबवायचं नाही, असा तेव्हा नियम. सहा दिवस मशीन चाललं. मग वजनमापवाल्यांनी दुकानांत माल तोलला आणि सगळा परत आला."

"आणि तुम्ही?"

"माझा कागद नियमात बसत होता. साहेब म्हणाले, हिला कळणं शक्यच नव्हतं. तार सैल झालेली ऑपरेटरला कळायला हवी होती. त्यांना काढलं. मी राहिले."

यजमानांनी मग पुढच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त केल्या, जाईपर्यंत, सतरा वर्षं. संध्याकाळी या कामावरून आल्या की ते पाना खाली ठेवून रोज एकच विचारायचे, "आज ठिपका कुठे आहे?" या सांगायच्या. कधी टोचून बोलले नाहीत, कधी जुनं काढलं नाही. "हिला कळणं शक्यच नव्हतं, हे त्यांनाही पटलं होतं," एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या.

घरी आलो. लेकीच्या दारावर टकटक केली, आयुष्यात पहिल्यांदा. फॉर्म तिच्यासमोर ठेवला, पेन नाही ठेवलं.

"तू नापास झालीस तर दुकानात लोक काय म्हणतील, याची मला भीती वाटते," मी म्हटलं. "ती माझी भीती आहे. तुझी कोणती ते तू सांग."

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "बाबा, नापास व्हायची मला पण वाटते. पण तू सही केलीस ना, तर मला जमलं असतं की नाही हे मला कधीच कळणार नाही. ते मला नाही सहन होणार."

फॉर्म तसाच राहिला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने पट्टीने तीन रेषा ओढल्या, एकतीस आणि सत्तावीसचे ठिपके दिले आणि फ्रिजला चिकटवला. पुढचे पाच महिने मी पाणी प्यायला गेलो की ते ठिपके समोर. चौतीस. बेचाळीस. एकोणचाळीस, त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांवर ओरडलो. पण फ्रिजपाशी गप्प राहिलो, आणि हे मला कुणी शिकवलं ते वेगळं सांगायला नको.

शेवटच्या परीक्षेत चौपन्न मिळाले. चौपन्नला कुणी पेढे वाटत नाही, पण मी दुकान भरदुपारी बंद केलं. लेकीला घेऊन काटाबाईंकडे गेलो आणि दारातूनच ओरडलो, "काकू, तुमचं बरोबर निघालं!"

"बरोबर निघालं ते हिचं," त्या म्हणाल्या. "आणि चौपन्नच्या जागी सेहेचाळीस आले असते तरी तुमचा निर्णय तोच राहिला असता. हे विसरू नका, नाहीतर काही शिकला नाहीत." मग त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने त्या कपाटाकडे वळल्या. काट्याखालून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून चौघडी केलेला, पिवळा पडलेला कागद. घड्यांवर फाटत आला होता, मागून पट्टी लावून जोडलेला.

"हा तू घेऊन जा कॉलेजात," त्या लेकीला म्हणाल्या. "त्या सहा दिवसांचा आहे. मी पुष्कळ बघितला."

लेकीने तो टेबलावर पसरला. मीही वाकून बघितलं. वर-खाली लाल रेषा, मध्ये काळी, आणि बारीक निळ्या शाईचे ठिपके. लाल रेषेबाहेर एकही नव्हता. साहेब म्हणाले ते खरंच होतं, नियमात बसत होतं सगळं. पण लेकीचं बोट पहिल्या दिवसापासून सरकायला लागलं. काळ्या रेषेखाली एक ठिपका, खाली दुसरा, खाली तिसरा. दुसरा दिवस, तिसरा दिवस. एकही ठिपका काळ्या रेषेच्या वर गेला नव्हता. बोट सहाव्या दिवसाच्या टोकाला, लाल रेषेच्या अगदी जवळ जाऊन थांबलं.

लेक लहान आहे, मनात आलेलं बोलून टाकते. ती म्हणाली, "पण आजी, हे तर स्पष्ट दिसतंय."

काटाबाईंनी चष्मा काढला. काड्या मी कालच घट्ट केल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाही दिसत होतं."