आमची न पुसणारी भिंत

आमच्या ब्लॉगवर एकूण एकेचाळीस पोस्टी आहेत. पण त्या टाकताना जे जे झालं, ते त्यातल्या एकाही पोस्टीत नाही! सरळसोट ते सगळं ब्लॉगवर गेलं आणि वेडंवाकडं ते माझ्याकडे साचलं. आता कधी दुपारी डोळे मिटले की त्यातलं एकेक वर येतं.

मंठ्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, माझा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर, फोनच्या वायरीवर चालणारं इंटरनेट आणि दुपारभर लोडशेडिंग. क्लासची पाटी रंगवायला बबनराव पेंटर आले. पाटी दोन दिवसांत झाली, बबनराव मात्र दोन वर्षं येत राहिले. कारण समोरच फ्लेक्सचं दुकान निघालं होतं आणि त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं.

एकदा लाइट होती म्हणून मी त्यांना ब्लॉग म्हणजे काय ते दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सर, हे पुसतं कोन?"

"कुणी नाही. आपणच पुसलं तर पुसतं."

पंचवीस-सव्वीस वर्षं बबनरावांनी भिंती रंगवल्या, आणि दर दिवाळीला कुणी ना कुणी त्या भिंतींवर चुना मारला. त्यांनी काढलेलं कधी कुणी धड पाहिलं की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी ते हाच हिशेब मनात करत होते.

मग म्हणाले, "ही भिंत मला द्या."

*

बबनरावांनी आणखी दोघांना ओढून आणलं. पहिल्या सुंदरामावशी. मावशी वाकळी शिवायच्या, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांच्या जाड गोधड्या. मी कॅमेरा काढला तर त्यांनी वाकळ उलटी करून पसरली.

"मावशी, सुलटी करा ना."

"सुलट्या अंगानं कुनी बी बघतंय. टाका बराबर हाय का न्हाई ते उलट्या अंगानं कळतं!"

फोटोखाली लिहायला सांगितलं तर वाकळीबद्दल एक ओळ सांगितली आणि कपड्यांबद्दल दीड पान. हा निळा तुकडा कुणाच्या बारशाचा, हा जरीकाठ कुणाच्या ओटीचा, हे धोतर कुणाच्या वडिलांचं. मी म्हटलं, एवढं कशाला?

"वाकळंत कपडा ऱ्हातो लेकरा. पर कुनाचा हाय ते माझ्यासंगं जाईल की."

मी गुपचूप सगळं टाइप केलं. पुढच्या आठवड्यात क्लासमधल्या एका मुलीची आई तावातावाने आली. तिने मुलीच्या शेजारी बसून ब्लॉग पाहिला होता. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "ही हिरवी साडी माझी हाय! जावेनं सांगितल्तं, नदीला व्हाऊन गेली म्हनून!"

*

दुसरे दत्तूमामा, कुंभार पिंपळगाव नावाच्या गावचे. हाडाचे कुंभार. त्यांच्या माठाचा मी इतका झकास फोटो काढला होता की मलाच माझं कौतुक वाटत होतं. मामांनी स्क्रीनकडे पाहिलं, पुढे वाकले आणि बोटाच्या पेराने स्क्रीनवरच्या माठावर दोनदा टकटक केलं.

"कच्चं हाय," मामा म्हणाले.

मी समजावलं, मामा, ही काच आहे. मामांना ते समजत नव्हतं असं नाही.

"मला ठावं हाय हो. पर घेनारा बी असाच वाजवून बघनार. वाजवल्याबिगर कुनी माठ घेतो का?"

त्यांचं बिलकुल चुकत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक माठाच्या फोटोखाली आम्ही आवाज लिहायला लागलो. 'टण्ण'. एका रांजणाखाली मामांनी लिहून घेतलं, 'घुम्म, आन् मंग जरा वेळ काहीच न्हाई.' मराठीत याहून चांगली ओळ मला तरी आजवर लिहिता आलेली नाही.

*

ब्लॉगवर प्रत्येक पोस्टीच्या खाली लिहून यायचं, '० प्रतिक्रिया'. बबनराव क्लासमध्ये शिरले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "आलं का कुनी?"

"नाही अजून."

"बघून गेलं असंल. बोललं नसंल."

एवढं बोलून ते खुर्चीत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

शेवटी त्यांनीच उपाय काढला. परतूर रोडच्या एका भिंतीवर दीड-दीड फुटी अक्षरांत ब्लॉगचा पत्ता रंगवला. इंग्रजी अक्षरांना लाल सावली, भोवती महिरप. आणि खाली हा एवढा मोठा बाण!

"बबनराव, बाण कामून?" मीही त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"पत्ता म्हनल्यावर बान नको? मानूस जाईल कुनीकडं?"

आठ दिवसांनी मोटारसायकलवरून एक नवरा-बायको क्लासच्या दारात आले. आष्टीचे होते, लग्नाचा बस्ता बांधायला मंठ्यात आलेले. बाणाच्या रोखाने निघाले, विचारत विचारत इथवर पोहोचले.

"इथं काय मिळतं?" बाईंनी विचारलं.

बबनरावांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि पहिल्या पोस्टीपासून सगळं दाखवलं. दोघांनी चहा संपेपर्यंत पाहिलं. निघताना नवरा म्हणाला, "हे ठीकंय, पर तिकडं भिंतीवर बोर्ड लई भारी काढलाय. कुनी काढला हो?"

चार दिवस बबनरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग दिवाळी आली आणि त्या भिंतीला चुना लागला.

*

लाइट गेली तरी आम्ही उठायचो नाही. काळ्या स्क्रीनसमोर चौघं बसून राहायचो. बाहेर ऊन, आत गार सावली. मग ब्लॉग आत्ता कुठे कोण वाचत असेल, यावर गप्पा.

"जेवून, हात पुसून कुनी बाई बसली असंल," मावशी म्हणायच्या.

"माझ्या अक्षराकडं बघत असंल," बबनराव म्हणायचे.

एकदा दत्तूमामांनी विचारलं, "सर, आपली लाइट गेल्यावर ते तिकडं बी बंद पडतं का?"

"नाही मामा. तिकडं चालूच राहतं."

मामांनी डोळे मिटले. "मंग ते आपल्यापरीस बरं जगून राह्यलं!"

कुणीच हसलं नाही. सगळ्यांना ते फार पटलं होतं.

*

आणि मग ते भिंतीचं झालं.

मंठ्याच्या स्टँडसमोर एका शेटजींचं कापडाचं दुकान होतं. त्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर बबनरावांनी अगदी उमेदीत, लग्नही झालं नव्हतं तेव्हा, एक तळं काढलं होतं. डोंगर, सूर्य, कमळं, बदकं. शेटजींनी ती एकच भिंत इतकी वर्षं तशीच ठेवली होती. आता तिथे मोठा फ्लेक्स लागणार होता. शेटजी माणूस सज्जन. स्वतः क्लासवर आले. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो.

"बबनभाऊ, भिंत पांढरी करायची हाय. दुसऱ्याचा हात कशाला, तुम्हीच करा."

बबनराव "बराबर हाय" म्हणाले.

मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. कॅमेरा घेऊन धावत गेलो, तर भिंत पांढरीशुभ्र! बबनराव ब्रश धूत होते. मला रडूच आलं.

"अहो, आधी सांगायचं ना! फोटो काढून ठेवला असता!"

"फोटोत एकदा बघितलं असतं, तर माझ्याच्यानं पुसवलं नसतं, सर." त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि त्या कोऱ्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नेहमीसारखी सही केली, 'बबन आर्ट्स, मंठा'. मग बाजूला सरले. "आता काढा."

पोस्ट टाकली. पांढरी भिंत, कोपऱ्यात सही. खाली त्यांनी सांगितलेली ओळ, 'तळं. मंठा स्टँडसमोर.' बस्स. मावशींनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्यानंतर बबनरावांनी 'आलं का कुनी' विचारणं सोडून दिलं.

सतरा-अठरा दिवसांनी मी सहज ब्लॉग उघडला. पोस्टीखाली '१ प्रतिक्रिया' दिसलं. नाव नव्हतं. मी बबनरावांना बोलावून आणलं आणि मोठ्याने वाचलं.

'लहानपणी आईबरोबर या स्टँडवर एसटीची वाट बघत बसायचो. आई गेली. या भिंतीवर कोपऱ्यात बदकाची दोन पिल्लं होती. गाडी येईस्तोवर मी तीच बघायचो. मला दोन्ही आठवतात.'

बबनराव स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. त्यांचा श्वास काचेवर दिसत होता. मी विचारलं, "काय लिहू?"

"लिहा, दोन न्हाई, तीन हायेत," बबनराव म्हणाले. "तिसऱ्यानं बुडी मारल्ती. वर नुसती वलयं काढलीत म्या. येईल म्हनावं वर."