आष्टीच्या काठावरचा मामा

भाचीचं लग्न बँकॉकला ठरलं तेव्हा मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होतो. मेहुणे तिकडे सागवानाच्या व्यापारात. बहिणीचा एकच धोशा: मुलीला बोहल्यावर आणायला मामा पाहिजे, आणि मामा तू एकटाच.

विमानात बसलेला माणूस आमच्या मुलखाने पाहिला नव्हता. मी त्या प्रवासाचा नाट्यप्रयोगच लावला. कलकत्त्याच्या एजंटाला पत्रांवर पत्रं. रंगूनला विमान बदललं तर काय पडेल, मागची खुर्ची घेतली तर काही सुटतं का? बिचाऱ्याने शेवटी कळवलं की पावसाळ्यात गिऱ्हाईक घटतं, तेव्हा भाडंही उतरतं. मी बहिणीला लगेच मुहूर्त आषाढात, एकादशीच्या आत, धरायला लावला. विमानवाले सामान तोलतात म्हणून बाजारातल्या मोहफुलांच्या काट्यावर ट्रंक चढवली. वजन जास्त भरलं तेव्हा बायकोने तिच्यातून माझे बूट काढले आणि भाचीला द्यायचं पितळी ताट राहू दिलं. बूट मी पायात घातले.

एवढ्या बंदोबस्तात चांद्याच्या आगगाडीच्या वाटेवरची आष्टीची नदी तेवढी राहून गेली. उन्हाळ्यात तिच्या वाळूवर बांबूचे तट्टे टाकतात आणि मोटार पलीकडे जाते. पावसाळ्यात डोंगा. पूर आला की काहीच नाही.

मी आष्टीला उतरलो आणि पूर आला. पलीकडे चांद्याचा रस्ता दिसत होता. मागचे नाले भरल्याने परतीची मोटारही अडकली. शाळेच्या पडवीत आम्ही सगळे उतारू कोंडले गेलो. मी कोट, टाय आणि बुटांत. शेजारी एका व्यापाऱ्याच्या शेळ्या, ज्यांना माझा टाय फार आवडला.

रोज सकाळी मी डोंगेवाल्या म्हाताऱ्याला गळ घाली. तो पाण्यात काटकी टाकी, ती कशी जाते ते पाही, आणि बिडी पेटवी. विमान सुटायचा दिवस आला तेव्हा मी त्याचे पायच धरायचे बाकी ठेवले.

"तिकीट सस्तं भेटलं म्हून जीवही सस्ता झाला काय, भाऊ?" तो म्हणाला.

विमान गेलं. मग मुहूर्ताचा दिवसही उजाडला, आणि पाणी तसंच. माझं तोंड पाहून व्यापाऱ्याच्या बायकोने विचारलं, लगन कोण्या वेळी आहे? मी सांगितलं. तिने आपल्या शिध्यातले तांदूळ हळदीत कालवले आणि सगळ्यांना वाटले. मी काठावर उभा राहिलो, पूर्वेकडे तोंड केलं आणि अशा खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हटली की शेळ्या पांगल्या. "सावधान" झालं तसे तांदूळ पाण्यात पडले. म्हाताऱ्यानेही मूठभर टाकले. मला पुढचं कडवं आठवेना. लोकांना वाटलं, आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. म्हाताऱ्याने स्वतःहून डोंगा काठाला लावला आणि मी ट्रंक उचलायला वाकलो.

"आता काऊन जाता, भाऊ?" तो म्हणाला. "लगन तर लागलं."

नालेही उतरले होते. मी परतीच्या मोटारीत बसलो. भाचीचं ताट ट्रंकेतून काढून मांडीवर घेतलं होतं.