चीफनी फुंकलेला दिवा

धूर दिसला की चीफ खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढत. रिक्षा असो की लाँच, धुरासमोर तो क्षणभर धरत आणि काळा डाग मालकाच्या नाकासमोर नाचवत. "हे तुझ्या पोरांच्या छातीत जातंय. घरी नेऊन दाखव!" खाडीजवळच्या कोपरीत आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त जहाज-इंजिनियर लोकांना चक्रम वाटत. मला मात्र लोकांचाच राग यायचा.

त्यांचा उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला, त्यामुळे खोकला कायमचा. "समुद्राला कोणी वाली नाही म्हणून ओका त्याच्यावर!" असं कडाडून ते फ्युएल सेल समजावत. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, धूर नाही, जाळ नाही. वीज तयार होते आणि बाहेर पडतं निव्वळ पाणी. "आज होडी चालवतो, उद्या जहाजं चालतील!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या मित्राने जमवून दिलेला, पेटीएवढा लहानसा सेल त्यांनी बाळकुमच्या धर्मादादांच्या होडीवर बसवला. खाडीत एक फेरी नीट झाली की बाकीचे कोळीही आपल्या होड्या देणार होते. चीफना आयुष्यात तेवढंच हवं होतं.

फेरीच्या सकाळी धर्मादादांनी नव्या इंजिनाची पूजा मांडली. रीतच ती. हळदकुंकू, नारळ आणि हायड्रोजनच्या सिलिंडरला अगदी खेटून तेवणारं निरांजन! चीफ धावले आणि त्यांनी ते एका फुंकरीत विझवलं.

"पूजेचा दिवा फुंकलास? माझ्या होरीवर?" धर्मादादा पुढे सरसावले.

"अरे, गॅस गळत असता तर तू, मी, होडी, सगळे उडालो असतो!"

"तू उतर आधी. तुझी पेटी पण उतरव."

झालं! एवढ्यावर सगळं बंद. का फुंकला, हे कुणी विचारलं? छे! चीफ नास्तिक, चीफ बॉम्ब घेऊन फिरतो, एवढंच गावभर झालं. खाडीवर डिझेलचा धूर तसाच चालू राहिला, त्याने मात्र कुणाचा देव कोपला नाही. चीफ दार लावून खोकत बसायचे.

काही वर्षांनी त्याच खोकल्याने ते गेले. तेराव्याला त्यांच्या फोटोशेजारी मी ती पेटी ठेवली. सिलिंडर केव्हाच परत गेला होता. समई लावायला काडी ओढली, तर दारात धर्मादादा.

"ताई, पेटीजवळ दिवा नको. त्याला चालायचा नाय."

"आत्ता कळलं होय?" मी ओरडलेच. "तेव्हा काय झालं होतं?"

 खिशातून रुमाल काढून त्यांनी फोटोपुढे पसरला. मधोमध काळा डाग होता, चीफ धुरासमोर धरून दाखवायचे तसाच.

"पोरगा खोकतोय माझा," ते म्हणाले.

काडी बोटांपर्यंत जळत आली होती. मी ती फुंकून विझवली.