एकादशीला उघडलेली बाटली

कुंभकोणमला सकाळी आठ वाजता उतरले तेव्हा माझ्या अंगाला रेड वाइनचा घमघमाट येत होता आणि पोटात साधा चहासुद्धा गेलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी चेन्नईला गाडी बदलताना घाईघाईत पिशवी डब्याच्या पायरीवर आपटली आणि दोनपैकी एक बाटली फुटली. साड्या भिजल्या, टॉवेल भिजला, पुण्याहून नेलेली बाकरवडी भिजली. समोरच्या बर्थवरच्या मामींनी नाकाला पदर लावला तो उतरेपर्यंत काढला नाही. उरलेली बाटली मी रात्रभर तान्ह्या बाळासारखी कुशीत घेऊन बसले होते, कारण तिच्यावर माझं सगळं ठरायचं होतं.

आमची द्राक्षबाग नाशिकजवळ, दिंडोरीच्या रस्त्याला. दोन हंगामांपूर्वी ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि त्यावर गारपीट. दुष्काळात तेरावा महिना! पगार देऊन ठेवलेले वाइनचे तज्ज्ञ 'यंदा काही होत नाही' म्हणून सरळ निघून गेले. मी म्हटलं, मी करते. कामावरच्या बायांना घेऊन बसले, एकेक घड हातात घेऊन कुजका मणी कात्रीनं काढला आणि उरल्यासुरल्या मालाची चार पिंपं रेड वाइन केली. माझी, माझ्या एकटीच्या हिकमतीवरची पहिली वाइन. ती दीड वर्षं पिंपात आहे आणि दीड वर्षं तोंड आवळून बसली आहे. चाखावी तर जीभ कोरडी पडते, हुंगावी तर दारूखेरीज कसलाच वास येत नाही.

बाग बघतात माझे दीर, संजयभाऊजी. ते म्हणाले, "वहिनी, हात जोडतो. गाळायला देऊन टाकू, पिंपं तरी मोकळी होतील." स्पिरिटच्या कारखान्याचा टँकर बुधवारी यायचा ठरलासुद्धा. मी भांडभांड भांडले आणि एक सवलत मिळवली: कुंभकोणमच्या माधवकाकांना चाखू द्या. काका 'ओत' म्हणाले तर मी स्वतःच्या हातानं टँकरमध्ये ओतीन आणि पुन्हा तळघराची पायरी उतरणार नाही. हे शेवटचं मी रागाच्या भरात बोलून गेले. भाऊजींनी नेमकं तेवढंच पकडलं.

माधवकाका म्हणजे तंजावरच्या मराठी राज्याबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातले. आयुष्यभर कॉफीच्या कारखान्यात कप चाखण्याची नोकरी केली. पुढे नाशिकला वाइनचे कारखाने उभे राहिले, तेव्हा कुणीतरी त्यांची जीभ हेरली आणि काही वर्षं तिकडे बोलावून नेलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. गंमत अशी, की या माणसानं उभ्या जन्मात वाइनचा एक थेंब गिळलेला नाही. चाखायची आणि थुंकायची. "जीभ नोकरीची, घसा विठ्ठलाचा," असं म्हणायचे.

स्टेशनबाहेर सेल्वम नावाचा रिक्षावाला भेटला. मी बसल्याबरोबर त्यानं हवा हुंगली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "अम्मा, हा कोविल ऊर (देवळांचं गाव) आहे," तो तमिळ-इंग्रजीची मिसळ करून म्हणाला, "सकाळी सकाळी असं चालत नाही." मी फुटलेल्या बाटलीची हकीकत हातवारे करून सांगितली. त्यानं मान डोलावली. विश्वास काही बसला नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पितळेची दुकानं, समया आणि घागरी फुटपाथपर्यंत आलेल्या. प्रत्येक चौकात ताज्या फिल्टर कॉफीचा वास. कुंभकोणमची डिग्री कॉफी (निर्भेळ दुधाची), जिच्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात, ती पितळी पेल्यांतून उंचावरून ओतली जात होती आणि मी नुसती बघत होते. चाखण्याआधी कॉफी घेतली तर जीभ मेली, ही काकांचीच शिकवण. चार दुकानं मी दात-ओठ खात ओलांडली.

काकांचं घर मोठ्या तळ्यामागच्या गल्लीत. दाराबाहेर तिण्णै (ओटा), तिच्यावर लाल कोबा, दारात ठसठशीत कोलम (रांगोळी). कोलमच्या शेजारी सामान टाकलं. दार लोटलेलं होतं, आतून पूजेची घंटा ऐकू येत होती. म्हटलं, पूजा होईपर्यंत बाटली उघडून ठेवावी, प्रवासानं हललेली आहे, जरा श्वास घेईल. पिशवीतून स्क्रू काढला, बूच ओढलं. पॉक् असा आवाज झाला आणि दारात काकांच्या बहीण रुक्माक्का उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली, कपाळाला आडवं कुंकू, हातात तुळस.

"आलीस काय अम्मा? किती बारीक जाहलीस!" असं म्हणत पुढे आल्या आणि थबकल्या. "अगो, हें काय उघडलीस? आज एकादशी न्हवे काय?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. विठ्ठलाच्या भक्ताकडे दोन दिवसांचा प्रवास करून यायचं आणि पोचायचं कधी, तर निर्जळी एकादशीला! मला पावसाचे अंदाज पाठ, द्राक्षांत साखर किती चढली ते पाठ. तिथी मात्र सासूबाई गेल्यापासून घरात कुणी बघत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

काका बाहेर आले. पांढरं वेष्टी (धोतर), उघडं अंग, पूर्वीपेक्षा वाळलेले, पण डोळे तेच. मी वाकून नमस्कार केला आणि सगळं एका दमात सांगितलं: टँकर, भाऊजी, माझा शब्द, फुटलेली बाटली.

"सरि, सरि (बरं, बरं)," ते शांतपणे म्हणाले. "उद्यां प्रातःकाळीं पारणें. तेव्हां चाखूं."

"काका, उघडलीय हो! उद्यापर्यंत मरेल ती!"

"मरेल तर मरेल. एका रात्रींत मरणारी वाइन मजकडे कां आणलीस?"

मी ओट्यावर बसकण मारली आणि खरं सांगते, मला काकांचा राग आला, विठ्ठलाचा आला आणि स्वतःचा तर इतका आला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. रुक्माक्कांनी बाटली घरात घ्यायला साफ नकार दिला, देवाचं घर ते. पण त्यांनाच माझी दया आली. एक पितळेचा अंडा (मोठं पातेलं) विहिरीच्या पाण्यानं भरून त्यांनी ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवला, त्यात बाटली उभी केली, तोंडावर ओलं पातळ फडकं बांधलं. "निजो बापडी," म्हणाल्या.

माझी मोठीच पंचाईत झाली, दिवस कसा काढायचा? अंघोळ केली, कपडे धुतले, तरी दर दहा मिनिटांनी मी त्या पातेल्याशी. शेवटी रुक्माक्काच म्हणाल्या, "जा गो, तिरुभुवनम् पाहून ये. नाहींतर बघूनबघूनच आंबवशील ती." सेल्वमला बोलावलं. तिरुभुवनम् मायिलाडुदुरैच्या रस्त्याला, जेमतेम अर्ध्या तासावर. वाटेत भातखाचरं, कावेरीचं पाणी पाटांतून भरून वाहतंय, काही ठिकाणी कापणी चाललेली. गावात शिरलं की घराघरातून मागाचा खटखट आवाज येतो. एका घरात विणकर बाईंनी चटई घातली आणि रेशमी साड्यांचा ढीग उलगडला. एक गडद लाल साडी बघून मी थांबले.

"हा कुठला रंग?"

"अरक्कु (लाखेचा लाल)," सेल्वमनं समजावलं.

मी साडी उजेडात धरली, तिरकी केली, काठाशी रंग कसा फिका होतो ते बघितलं. मग वाकून तिचा वास घेतला. विणकर बाई सेल्वमकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि दोघंही खो खो हसत सुटले. "विचारतायत, या अम्मा साडी नेसणार की खाणार?" मीही हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. साडी घेतली, कारण आता न घेणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मीही काही खाल्लं नाही. घरात दोघं निर्जळी असताना माझ्या घशाखाली घास उतरला नसता. काका मात्र मजेत होते. ओट्यावर बसून हळू आवाजात अभंग म्हणत होते, तंजावरी उच्चारात, मध्येच एखादा शब्द तमिळ वळणाचा. पातेल्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

द्वादशीला सूर्य वर आला तसं पारणं झालं. तुळशीचं तीर्थ घेतलं, नैवेद्य झाला. आत पानं मांडलेली: अगत्तिक्कीरै (हादग्याच्या पाल्याची भाजी), आवळ्याची पच्चडी, भात. काका पानावर बसले नाहीत. "आवळा जिभेस लागला कीं पाणीहि गोड लागतें," म्हणाले. "आधीं हिचें काम." चोवीस तास अन्नपाण्याशिवाय राहिलेली जीभ घेऊन ते ओट्यावर आले. याहून स्वच्छ जीभ जगात कुणाकडे असेल? हे मला तेव्हा सुचलं. आदल्या दिवशी कपाळ बडवून घेताना सुचलं नव्हतं.

मी पेला पुसला, ओतली. काकांनी पेला मांडीवरच्या पांढऱ्या वेष्टीसमोर तिरका धरला. रंग अरक्कुइतका गडद नव्हता, पाऊस खाल्लेल्या द्राक्षांचा असतोच कुठे. मग नाक घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. चेहऱ्यावर काही नाही. घोट घेतला, गालात घोळवला, आणि पितळी पडिक्कममध्ये (पिकदाणीत) थुंकला.

आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडला.

ही काकांची रीत मी विसरलेच होते. वाइन थुंकल्यावर चव तोंडात किती वेळ राहते, ते दुसरे तज्ज्ञ घड्याळावर मोजतात. काका आदितालात मोजतात. आठ मात्रांचं एक आवर्तन. बऱ्या वाइनला एक, चांगल्या वर्षाच्या उत्तम वाइनला दोन. चव संपली की हात थांबतो. टाळी, तीन बोटं, टाळी, पालथा, टाळी, पालथा: एक झालं. दुसरं सुरू झालं. मी डोळे मिटून घेतले, नुसती ऐकत राहिले. दुसरं संपलं. आता थांबणार. हात थांबेना! मी डोळे उघडले. तिसरं आवर्तन. रुक्माक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्याही ओठांत मोजणी चालली होती. तिसरं पुरं झालं आणि चौथ्याच्या मध्यावर कुठेतरी हात सावकाश मांडीवर विसावला.

"मध्यें जरा उणें आहे," काका म्हणाले. "कोठें कोठें हिरवा देंठ लागतो. पावसाचें वर्ष लपत नाहीं, लपवूंहि नको. पण अम्मा, मी चाखलेल्या तिकडच्या वाइनींत इतका लांब शेवट दोनदांच भेटला आहे. हा तिसरा."

मी रडले. खोटं कशाला सांगू, ओट्यावर बसून भर गल्लीत हुंदके देऊन रडले. दुधाची पिशवी घेऊन जाणारा माणूस थांबून बघत राहिला.

"रडूं नको, ऐक. काल बूच काढल्याबरोबर चाखली असती तर मीच म्हटलें असतें, ओत. ही बंद होती. रात्रभर वारा लागला तेव्हां बोलूं लागली. घरीं जाऊन पिंपें बदल, वारा दे, आणिक सहा महिने ठेव. आणि बाटलीवर वर्ष मोठ्या अक्षरांत घाल."

"लोक त्या वर्षाचं नाव वाचून हात लावायचे नाहीत, काका."

"न लावोत. जे लावतील ते आठवण ठेवतील."

मग मी घोट घेतला. आणि मी गिळला, मला कसला विठ्ठलाचा नेम! दीड वर्षं तोंड आवळून बसलेली माझी पोर अशी घडाघडा बोलत होती: जांभूळ, काळी मिरी, आणि शेवटी ओल्या मातीसारखं काहीतरी, जे जाता जात नव्हतं. मीही मांडीवर हात आपटून मोजलं. माझा ताल चुकला, रुक्माक्का हसल्या, पण चार आवर्तनं भरली, शपथेवर सांगते.

त्यानंतर जेवले ती पंगत मी विसरणार नाही. हादग्याची कडू भाजी, डांगर पच्चडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर), आंबट सार, आणि सगळ्यात शेवटी रुक्माक्कांच्या हातची कॉफी, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या पेल्याला भाऊजींना फोन लावला. "टँकर नको," एवढंच म्हटलं. पलीकडून भाऊजी म्हणाले, "म्हातारबुवा भिडेनं बोलले असतील, वहिनी." मी म्हटलं, "भीड असती तर काल माझी बाटली उघडी टाकून अभंग म्हणत बसले नसते." संध्याकाळच्या गाडीनं निघाले. सेल्वमनं स्टेशनवर सोडताना पुन्हा हवा हुंगली. या वेळी खरंच वास येत होता, पण मी हकीकत सांगत बसले नाही.

मंगळवारी रात्री घरी पोचले. तळघरात गेले, पिंपातून काचेच्या तांब्यात वाइन काढली, वर फडकं बांधलं आणि भाऊजींना सांगितलं, उद्या सकाळी चहाच्या आधी यायचं. आले, तोंड वाकडं करून. घोट घेतला. मी त्यांच्याकडे न बघता नळीची गुंडाळी करत राहिले. त्यांनी पेला पुढे केला. मी पुन्हा ओतली. दुपारी टँकर आलाच, निरोप पोचला नव्हता म्हणे. भाऊजी स्वतः फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवला.

वाईट वर्षाबद्दल मी प्रवासात पुष्कळ विचार केला होता. चांगल्या वर्षात सगळेच हुशार असतात. वाईट वर्षात काय निवडलं, काय फेकलं आणि किती थांबलो, तेवढंच आपलं. मी थांबले तेही माझ्या शहाणपणानं नाही, एकादशीनं हात धरून थांबवलं म्हणून. तरी थांबले.

संध्याकाळी मी पिंपं धुवत होते. भाऊजी तळघराच्या पायऱ्या उतरून खाली आले, उगीच एका पिंपावर टिचकी मारली, घसा खाकरला. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली. बागेतला एकही निर्णय या माणसानं मला कधी विचारलेला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "यंदा छाटणी कधी धरायची?"